नवमीची सवाष्ण

द्वारकामावशीला लाल भोपळ्याची भाजी फार आवडायची. वर्षातून एक दिवस मात्र ती पानातला भोपळा बोटाने बाजूला सारायची, कारण त्या दिवशी ती द्वारकामावशी म्हणून जेवायला बसलेली नसे, माझी आई म्हणून बसलेली असे. आणि माझ्या आईला भोपळा आवडत नव्हता.

आई पोलीस ॲक्शनच्या साली उन्हाळ्यात गेली. मी तेव्हा दहा वर्षांची. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध पितृपक्षातल्या नवमीला करतात, अविधवा नवमीला. आमच्याकडे नुसतंच नवमी म्हणत. त्या दिवशी एका सवाष्णीला घरी बोलवायचं, पाटावर बसवायचं, हळदकुंकू लावून ओटी भरायची, खण द्यायचा आणि गेलेली बाईच जेवते आहे असं समजून तिला वाढायचं. त्याआधी माळवदावर कावळ्याचं पान ठेवायचं. कावळा शिवला की खाली सवाष्णीने पहिला घास घ्यायचा.

आम्ही वाटूरला राहत होतो. माझे वडील, नाना, शाळेत मास्तर होते. निजामाच्या राज्यात त्यांनी उर्दूतून शिकवलं, ते राज्य गेल्यावर मराठीतून शिकवू लागले, आणि दोन्ही भाषांत ते सारखंच कमी बोलत. द्वारकामावशीचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून होतं. ती काही आईची सख्खी बहीण नव्हती. दोघी एकाच उन्हाळ्यात सुना होऊन वाटूरला आल्या, एकाच आडावर पाणी भरायला लागल्या, आणि कुणीतरी कुणाची तरी बहीण व्हायला एवढं पुरतं. मावशी हाताने चोळ्या शिवायची. फीत, दोरा असलं काही मापाला लागत नसे. बाई दारातून आत येईपर्यंत तिचं माप झालेलं असे. ‘अंग खोटं बोलत न्हाई,’ असं ती म्हणायची, आणि मग आलेल्या बाईकडे असं काही पाहायची की बाई आपोआप पदर सारखा करायची.

तिचा नवरा शिंपी होता. आई गेली त्याच्या आदल्या वर्षी तो कामासाठी हैदराबादला गेला. तिथून त्याची दोन कार्डं आली. मग सगळीकडे धामधूम सुरू झाली आणि कार्डं थांबली. धामधूम संपली, रस्ते खुले झाले, लोक आपापल्या घरी परतले. तो आला नाही आणि मेल्याचंही कुणी सांगेना. मावशी कपाळाला चांगलं अधेलीएवढं कुंकू लावायची आणि कुणी दोन क्षण जास्त बघितलं तर विचारायची, “वाकडं लागलंय का?”

आईचं वर्षश्राद्ध झाल्यावर पुढच्या साली पहिली नवमी आली, तेव्हा माझी आत्या परतूरहून स्वयंपाकाला आली होती. सवाष्ण म्हणून द्वारकाबाईला सांगितलंय असं नानांनी म्हटल्यावर आत्याने हातातलं उलथनं खाली ठेवलं. “तिच्या नवऱ्याचा ठावठिकाणा नाही. ती सवाष्ण कशी काय?”

“मेल्याचा कागद आलाय का?” नानांनी विचारलं.

“कागद कुठून येणार?”

“मग ती सवाष्ण आहे.”

नानांचा हिशेब असा सरळ असे. आत्या तोंड फुगवून वडे तळत राहिली. मावशी वेळेवर आली, न सांगता पाय धुऊन पाटावर बसली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचं काहीतरी बदललं. एरवी ती मांडी ऐसपैस घालून बसायची. त्या दिवशी आईसारखी एक गुडघा उभा करून बसली. वाढलेल्या पानाकडे तिने नीट पाहिलं, भोपळा कडेला सारला आणि मला म्हणाली, “कमल, केसाला तेल न्हाई लावलं ना?” आईच्या मागे मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी रडायला लागले. आत्याही रडायला लागली, आणि तिचा राग तिथेच संपला.

जेवण झालं, विडा झाला, खण घेऊन मावशी उठली. मी पाठोपाठ मागच्या दारी गेले तर ती उंबऱ्यावर बसलेली, पुढ्यात वाटीभर भोपळा. “मघा तुजी माय जेवली,” ती म्हणाली. “आता मी जेवून राह्यले.” आणि बोटं चाटून चाटून तिने ती वाटी संपवली.

पुढे दरवर्षी असंच चाललं. एक जेवण पाटावर, एक मागच्या दारी. खण ती दुसऱ्याच दिवशी शिवून अंगात घालायची आणि काही काम नसताना सगळ्या आळीतून एक फेरी मारायची. ‘मास्तरांच्या नवमीचा हाय,’ असं कुणी न विचारता सांगायची. मला तेव्हा तो तिचा नखरा वाटायचा. गावात आमचं एकच घर असं होतं, जिथे तिला सवाष्ण म्हणून पाट मांडला जाई, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली.

बाकी घरं तिला टाळत. उघड कुणी बोलत नसे, पण टाळत. वरच्या आळीतल्या सुभद्राकाकूंचं घर मोठं, माणसांनी आणि धान्याने भरलेलं. त्यांच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी मावशीबरोबर गेले होते. कुंकवाचं ताट ओळीने फिरत आलं, मावशीपाशी आलं आणि थांबल्यासारखं करून पुढच्या बाईकडे गेलं.  मावशीने तिळगूळ घेतला, कुणाच्या तरी पोराचं कौतुक केलं आणि ती घरी आली. दोन महिन्यांनी सुभद्राकाकूंनी लेकीच्या लग्नात घालायची स्वतःची चोळी तिच्याकडे शिवायला दिली. चोळी झाली मोठी सुरेख, फक्त पाठीत दोन बोटं कमी. ऐन लग्नात काकूंना हात वर करून अक्षता टाकता येईनात. त्या नुसता कोपरापासून खालचा हात हलवत होत्या. दुसऱ्या दिवशी भांडायला आल्या तर मावशी शांतपणे म्हणाली, “माप मी नजरेनं घेते, काकू. संक्रांतीला तुमची नजर माज्यावर पडली न्हाई. मंग माजी बी तुमच्यावर बराबर पडली नसंल.”

आईच्या पानावर बसली की मात्र तिच्यातली ही तिखट बाई कुठे जायची कोण जाणे. आई अबोल होती, तशीच ती अबोल व्हायची. नाना तुपाचं भांडं घेऊन दाराशी उभे राहत आणि मला म्हणत, “मीठ बरोबर आहे का, विचार.” मी विचारायची. ती मान हलवायची. एवढंच त्यांचं बोलणं. एरवीही मावशी नानांशी कधी समोरून बोलली नाही. काही सांगायचं असलं तर भिंतीपलीकडून मला हाक मारून, नानांना ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगायची.

तिसरी की चौथी नवमी असेल. वर्गात मुलींपैकी मी एकटीच उरले होते आणि आता शाळा पुरे असं नानांनी ठरवलं होतं. गावभरच्या मुलांना शिकवणारा माणूस, पण स्वतःच्या मुलीबद्दल लोक काय म्हणतील याची त्यांना फार धास्ती. मी दोन दिवस मुसमुसत होते. मावशीला भिंतीपलीकडून सगळं ऐकू गेलं होतं, पण ती काही बोलली नव्हती. नवमीला ती जेवायला बसली, कावळा शिवला, तिने पहिला घास घेतला आणि नाना तूप वाढायला पुढे वाकले तशी मान वर न करता म्हणाली, “अहो, पोरीला शाळंतून काढू नका.”

शेजारच्या बाईने नानांना ‘अहो’ म्हणावं, हे दुसऱ्या कुठल्याही दिवशी झालं असतं तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण त्या पाटावर त्या वेळी शेजारची बाई नव्हती. नानांच्या हातातलं तूप पानाबाहेर सांडलं. त्यांनी भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, “बरं.” माझी सातवी त्या एका शब्दावर झाली. पुढे मी मास्तरीण झाले, आयुष्यभर स्वतःच्या पायावर उभी राहिले, तेही त्याच शब्दावर.

मागच्या दारी मी तिला विचारलं, “मावशी, आई खरंच असं म्हणाली असती?”

“तुजी माय?” ती भोपळ्याची फोड तोंडात टाकत म्हणाली. “तिला कुठं धीर होता नानाम्होरं बोलायचा. मी म्हनलं, आज तिचं तोंड माज्याकडं हाय, तर वापरून घ्यावं.”

इतकं जिने माझ्यासाठी केलं, तिच्याशी मी कशी वागले ते आता सांगते. हे मी फार थोड्या लोकांना सांगितलं आहे.

मी सतरा वर्षांची होते. आळीतल्या बायकांची पत्रं मी वाचून दाखवायची, त्यामुळे डाकवाला कुणाचंही कार्ड आमच्याच ओट्यावर टाकायचा. त्या वर्षी पितृपक्षातल्या षष्ठीला मावशीच्या नावाचं कार्ड आलं. मी हाक मारली. ती दाराबाहेर आली, हातातली सुई तिने पदराला टोचून ठेवली. कार्डाच्या माथ्यावर श्री नव्हता. मावशीला अक्षर येत नव्हतं, पण वरची मोकळी जागा तिला दिसली. असली पत्रं घरात नेत नाहीत हेही तिला माहीत होतं. ती पायरीवरच बसली.

कार्ड निजामाबादहून आलेलं. तिचा नवरा तिकडे एका शिंप्याच्या दुकानात होता, तापाने गेला, पत्ता आता सापडला म्हणून कळवतो, असं त्या शिंप्याने लिहिलं होतं.

“कवा?” तिने विचारलं.

“दोन वर्षं झाली. ज्येष्ठात.”

तिने बोटांवर मोजलं. “म्हंजे मधी दोन नवम्या झाल्या.” ती रडली नाही. पदराची सुई काढून हातात घेतली आणि म्हणाली, “कमल, हे कार्ड फाडू नको. तीन दिस तुज्यापाशी ठिव. येत्या नवमीला मी बसते. शेवटचं. तुज्या मायला जेवू घालते, अन् दुसऱ्या दिशी माजी मीच समद्यांला सांगते.”

“मावशी, पण आता तू...”

“मी काय? दोन वर्सं मी तुज्या घरी बिनकुकवाचीच जेवले की. तुला ठावं नव्हतं, मला ठावं नव्हतं. कावळा आल्ता का न्हाई? तुज्या मायचं काय वाईट झालं?”

कावळा दोन्ही वर्षी आला होता. पण तेवढ्याने मला धीर आला नाही, भीती वाटली. म्हणजे दोन वर्षं आई उपाशीच राहिली, असं माझ्या मनात आलं. आता तिसऱ्या वर्षी, माहीत असून, मी तिला उपाशी ठेवायचं का? शिकलेली मुलगी म्हणून मी आळीत मिरवत होते, आणि माझी अक्कल एवढी. मावशीला मी “ठेवते” म्हटलं. कार्ड ओच्यात खोवलं. ती उठून घरात गेली आणि नेहमीसारखी शिवायला बसली, हे मला भिंतीपलीकडच्या तिच्या खोकण्यावरून कळलं.

दिवेलागणीला नाना शाळेतून आले आणि मी ते कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. पुरती पाच तासही मला ती गोष्ट पोटात ठेवता आली नाही. नानांनी कार्ड दोनदा वाचलं. “कागद आला तर,” एवढंच म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं. पण आत्याला त्यांनी जो नियम सांगितला होता तो त्यांचा स्वतःचा होता आणि ते त्याच्याबाहेर जाणारे नव्हते. सकाळी उठून ते सुभद्राकाकूंना नवमीचं आमंत्रण द्यायला गेले. यंदा द्वारका का नाही, असं काकूंनी विचारलं. नानांना खोटं बोलता येत नसे.

दुपारी आळीतल्या बायका मावशीच्या दारी जमल्या. मी स्वयंपाकघरात वड्याची डाळ निवडत होते. भिंतीपलीकडून खूप आवाज येत होते, त्यातून तिचा एक आवाज वेगळा ऐकू आला, “कुनी हात लावू नका. माजं मी करते.” मग बांगड्या फुटल्याचा आवाज आला. मी उठून जायला हवं होतं. शेजारच्या घरात जायला मला पंधरा पावलं लागली असती. मी डाळ निवडत राहिले, खडे संपले तरी निवडत राहिले.

नवमीला सुभद्राकाकू आल्या. त्यांनी भोपळ्याची भाजी दोनदा मागून घेतली आणि चांगली झाली म्हणाल्या. बाई वाईट नव्हती, मला म्हणाल्याही, “आई नाही तरी स्वयंपाक छान शिकलीस.” त्या सकाळी मला मनातून वाटत होतं की कावळा येऊ नये. त्याने तासभर ताटकळत ठेवावं, नानांना घाम फुटावा, आणि शेवटी कुणीतरी म्हणावं की द्वारकेला बोलवा. कावळा लगेच आला. दोघं आले, पान स्वच्छ केलं आणि गेले. नानांनी तूप वाढलं, पण मीठ बरोबर आहे का ते कुणाला विचारलं नाही. जेवणं आटोपल्यावर टोपी घालून ते शाळेत जाऊन बसले. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.

संध्याकाळी मी एक ताट झाकून मावशीकडे नेलं. ती भिंतीला टेकून बसली होती. तिचं कपाळ इतकं रुंद आहे हे मला कधी कळलंच नव्हतं. तिने ताट घेतलं, खाली ठेवलं.

“नानाला तू सांगितलं?”

“हो.”

“कवा?”

“त्याच दिवशी. दिवेलागणीला.”

तिने मान हलवली. “मला वाटलं, एक रात तरी ठिवशील.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मी निदान पाया पडले असते. मग ताटावरचं फडकं उचलून तिने आत पाहिलं. “सुभद्रानं भोपळा खाल्ला का?”

“दोनदा मागून घेतला.”

“मंग तुजी माय उपाशीच उठली,” ती म्हणाली आणि जराशी हसली. ते हसणं चेष्टेचं होतं की नव्हतं, याचा मी कितीतरी वर्षं विचार केला.

तिला त्या जेवणाची हाव नव्हती आणि खणाचीही नव्हती. नवरा गेला हे तिला तिच्या तोंडाने, तिच्या वेळेला सांगायचं होतं. आणि त्याआधी एकदा माझ्या आईचा निरोप घ्यायचा होता, कारण दोघींची भेट वर्षातून त्या एकाच दिवशी व्हायची. आईला मुकलेली मी एकटीच आहे असं मी धरून चालले होते. तिची मैत्रीण गेली होती, याचा मी कधी विचारच केला नाही.

त्यानंतर लग्नाच्या चोळ्या कुणी तिच्याकडे टाकेना. जुनेर, ठिगळं, लहान मुलांची झबली एवढंच येई. पुढच्या वैशाखात माझं लग्न ठरलं. माझ्या चोळ्या मावशीनेच शिवाव्यात असं मला फार वाटत होतं. सुभद्राकाकू म्हणाल्या, “छे, नव्या नवरीच्या अंगाला त्या हाताचं नको.” नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मी एक शब्द बोलले असते तर नाना ‘बरं’ म्हणाले असते, अशी माझी खात्री आहे. मी बोलले नाही. माझ्या चोळ्या परतूरच्या शिंप्याने शिवल्या आणि एकही धड बसली नाही. लग्नाला मावशी आली नाही, तिला कुणी तसं सांगितलंच नव्हतं. मांडवाच्या गडबडीत भिंतीपलीकडे दिवसभर काही हालचाल नव्हती.

लग्नानंतर आम्ही जालन्याला निघालो. वाटूरच्या फाट्यावर मोटार उभी होती. मी खिडकीशी बसले, हातात हिरवा चुडा, शेजारी आठ दिवसांपूर्वी ओळख झालेला नवरा. समोर लिंबाच्या झाडाखाली मावशी उभी होती, काखेत कपड्यांचं गाठोडं, कुठल्या तरी खेड्याला काम द्यायला निघालेली असावी. तिने मला पाहिलं. मला वाटलं ती येईल, निदान हात हलवील. तिने डोक्यावरून पदर पुढे ओढला आणि झाडाकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. नवऱ्या मुलीला आपलं तोंड दिसू नये म्हणून. सुभद्राकाकूंच्या ताटापुढे जिने मान खाली घातली नाही ती बाई माझ्यासाठी पाठ फिरवून उभी होती, कारण मी या गोष्टी मानते हे तिने पाहिलं होतं.

मी हाक मारली. “मावशी.”

“इकडं बघू नको, कमल,” ती न वळता म्हणाली. “नव्या नवरीनं सामनं बघावं. नीट जा.”

मोटार सुरू झाली. माझ्या नवऱ्याने मान काढून मागे पाहिलं आणि विचारलं, “कोण त्या?”

सहा नवम्या ती माझी आई होऊन जेवली होती.

“कुणी नाही,” मी म्हटलं. “शेजारच्या आहेत.”